डोंगेवालीचा आवाज

वडसा, ६ जानेवारी २०२५

आचल,

हे पत्र मायच्या सांगण्यावरून लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. काल कुरखेड्याला घरी गेले होते. ती मासे साफ करता करता म्हणाली, "दोन सख्ख्या बहिणी अन् दहा महिने झाले, बोलत नाई. लोकाले काय सांगू मी?" म्हणून बसले.

फोन का केला नाही, असं मनात येईल तुझ्या. तुझा नंबर मी बंद करून ठेवला होता, तो पुन्हा सुरू कसा करायचा ते येत नाही, हे एक कारण सांगता येईल. खरं कारण वेगळं आहे. फोनवर माझा आवाज नाटक करतो. वीस वर्षं झाडीपट्टीच्या रंगमंचावर रडून-हसून त्याला ती खोड लागली आहे. कागदावर तो ताब्यात राहतो. भाषा मात्र शाळेतल्या बाईंनी पत्रलेखनात शिकवली तीच येणार. मधूनच सुटली तर हसू नको.

इकडे सगळं बरं आहे. यंदा मंडळाची दोन नाटकं जोरात चालू आहेत आणि दोन्हींत मी आहे. 'सात डोह' दिवाळीत आला हे तुला सांगायला नको, तुमच्याच कंपनीचा गेम. त्यातली डोंगेवाली म्हातारी म्हणजे मी, हे आता सगळ्या वडशाला ठाऊक झालंय. तालमीच्या हॉलसमोर पोट्टे मोबाइल घेऊन उभे असतात. "रंजीताबाई, ते म्हणून दाखवा ना!" मग मी कमरेवर हात ठेवून म्हणते, "बस रे बाबू, मधात बस. डोंगा कलला तं मी पोहून जाईन, तू काय करशीन?" ते टाळ्या पिटतात. तुमचे ते पियुष सर, आवाजाचं काम पाहणारे, त्यांचा फोन आला होता. म्हणाले, लोक नदी पार झाल्यावरही डोंग्यातून उतरत नाहीत, म्हातारी अजून काय बोलते ते ऐकत बसतात.

तुला हे कळवायचं होतं असं नाही. पण कळवलं.

बाजारात मायला बाया विचारतात, "लहानी पोट्टी काय करून राह्यली?" माय सांगते, "मोबाइलमंधल्या खेळाची वकील आहे पुण्याले." त्या म्हणतात, "बाप्पा! खेळाले वकील कायले पाहिजे?" माय म्हणते, "खेळातच तं भांडणं होतात."

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण न लिहून पत्र पुढे सरकत नाही. पियुष सर गेमच्या कराराचा कागद घेऊन तालमीला आले, सगळं मंडळ भोवती जमलं, आणि मी ऐटीत तुला फोन लावला, स्पीकरवर. "आचल, तुह्याच कंपनीचा कागद आहे. सांग, कुठी सही करू?" तू म्हणालीस, "बाई, मी तुले काहीच सांगू शकत नाई. मी कंपनीची वकील आहो. तू तुह्या वकिलाले दाखव. तोपर्यंत सही करू नको." मोठ्या बहिणीला बाई म्हणायची आपल्या घरची रीत, पण त्या दिवशी तो 'बाई' शब्द परक्या बाईला म्हणतात तसा लागला. सख्खी बहीण सख्ख्या बहिणीला सांगते, वकील कर. सगळे माझ्याकडे पाहत होते. मग मी काहीतरी बोलले. काय बोलले ते मला आता आठवत नाही. आणि पियुष सरांच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, न वाचता सही केली.

माय तब्येतीनं ठीक आहे. तिच्या पायाला सूज येते तेवढीच.

रंजीता

कुरखेडा, २ मार्च २०२५

आचल,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्यात मी सगळं बरं आहे असं लिहिलं होतं. तेव्हा होतंही.

आमच्या मंडळातला विनोदी नट पोचूभाऊ तुला आठवत असेल. वीस दिवसांखाली त्यानं तालमीत मला बाजूला घेतलं आणि मोबाइल कानाला लावला. "रंजीता, हे तू कधी बोलली?" दुसराच एक गेम होता, 'काळी बोडी' नावाचा, दुसऱ्याच कंपनीचा. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या काठावर एक जादूवाली बसते आणि लहान पोरांना हाका मारते. "ये बाबू, जवळ ये. तुह्यं काळीज किती कवळं आहे, पाहू दे मले."

आवाज माझा. शब्द माझे नाहीत. मी ते कधीच, कुठेच बोललेले नाही.

मी आधी हसले. म्हटलं, कोणी नक्कल केली असेल. पण नक्कल करणारा श्वास कुठे घेतो ते आम्हा नटांना कळतं. इथे श्वास माझाच होता, आणि तरीही मी तो घेतला नव्हता. पोचूभाऊ म्हणाला, "मशीननं केलं असन. तुह्या जुन्या बोलण्यातून नवं बोलणं काढते म्हणतात."

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. डोंगेवालीचा आवाज माझा नव्हताच. तो मायचा होता. पियुष सरांनी म्हटलं, नदीकाठच्या म्हातारीसारखं बोला, तेव्हा मी डोळे मिटले आणि मायला उचललं. तिचं 'बाबू', तिचं वाक्याच्या शेवटी खाली बसणारं 'तं', रागावली तरी हसल्यासारखं वाटणारं नाक. तिला विचारलं नाही. आपलीच माय, तिला काय विचारायचं, असं वाटलं.

मंडळात कोणी मला जादूवाली म्हटलं तर मी त्याला पुरून उरेन. पण गावात लोकांनी तो गेम ऐकला आणि त्यांना मी आठवले नाही. त्यांना माय आठवली. आपल्या मोहल्ल्यातली पोरं तिच्या घरासमोर मोबाइल लावून पळतात. बाजारात तिच्या टोपल्यातली मरळ संध्याकाळपर्यंत तशीच पडून असते. आणि बुधरीमावशी, जिच्यासोबत तिनं तीस वर्षं तलावावर जाळं धुतलं, तिच्या नातवाचा ताप आठ दिवस उतरला नाही. माय विचारपूस करायला गेली तर बुधरीमावशीनं पोराच्या तोंडावर पदर ओढला. फक्त पदर ओढला.

माय घरी आली, चूल पेटवली, आणि मला म्हणाली, "मी तं असं कधी बोलली नाई वं. मंग मोबाइलमंधी माह्या तोंडून कोण बोलते?"

आपल्या भागात या शब्दानं बायांचं काय होतं, हे तुला मी सांगायला नको.

मी तुझ्या कंपनीला फोन केला. कोणी काही सांगेना. तुला नाही केला. तू काय म्हणशील ते मला माहीत होतं.

रंजीता

गडचिरोली, २१ मार्च २०२५

आचल,

आज इंदुताई वकिलांकडे आले. अजून बसस्टँडवरच आहे, कुरखेड्याची गाडी लागायला वेळ आहे, म्हणून मांडीवर पिशवी ठेवून लिहिते. अक्षर हलेल.

तू जिच्या टेबलाला टेबल लावून दोन वर्षं बसलीस ती बाई अजून तशीच आहे. पांढरी साडी, काळा कोट खुंटीला, आणि समोर मासेमारी संस्थेच्या तलावाचे कागद. मी करार पुढे ठेवला. म्हटलं, "ताई, मी न वाचता सही केली. शिव्या द्या, पण काहीतरी करा." त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. चौदा पानं. मी सारखी दाराकडे बघत होते.

नवव्या पानावर थांबल्या. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं मराठीत सांगितलं. कलाकाराचा आवाज फक्त याच गेमसाठी वापरता येईल. दुसऱ्या कामासाठी, दुसऱ्या कंपनीला, किंवा यंत्राकडून त्या आवाजात नवं काही बोलवून घ्यायचं असेल तर दर वेळी कलाकाराची वेगळी लेखी परवानगी लागेल. परवानगी नसेल तर वापर तात्काळ थांबवावा लागेल.

"रंजीता," त्या म्हणाल्या, "असं कलम कंपन्या आपणहून घालत नाई. उलटं घालतात. हे कोणीतरी भांडून घातलं आहे." मग त्यांनी पहिलं पान पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात नमुना कधीचा आहे ती तारीख होती. पियुष सर वडशाला येण्याच्या सहा महिने आधीची. म्हणजे माझं नावसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची.

मी म्हटलं, "कागद इतका चांगला होता तं आचलनं 'कर सही' एवढं तरी म्हणाचं ना! काऊन नाई म्हटलं?"

इंदुताई म्हणाल्या, "आज चांगला आहे म्हणून 'कर' म्हटलं असतं, तर उद्या वाईट कागदावर ती गप्प बसली असती तेव्हा कंपनीचं गुपित फुटलं असतं. तिचं गप्प बसणं हेच उत्तर झालं असतं. ज्याचं काम घेतलं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, आणि समोरच्याला सांगायचं, तुझा वकील आण. याच्यापेक्षा जास्त प्रेम वकिलाला करता येत नाही त्या खुर्चीवर बसून."

मग त्या तुझ्याबद्दलच बोलत राहिल्या. कोणीतरी आमचं नाटक चोरून मोबाइलवर चढवलं होतं, कलाकारांची नावंसुद्धा न देता, त्याची नोटीस तू लिहिलीस ती त्यांनी जपून ठेवली आहे. पोरगी सातव्यांदा लिहीत होती, म्हणाल्या, मी म्हटलं पुरे आता, तर म्हणाली, ताई, नटाचं नाव चोरलं तर त्याच्याजवळ उरते काय? त्या नोटिशीनंतर नावं लागली होती आमची. तेव्हा मी मंडळात मिरवले, आणि तुला साधं शाबास म्हटलं नाही.

चंद्रपूरच्या हॉस्टेलातलंही सांगितलं त्यांनी, ते मला माहीत नव्हतं. खोलीतल्या सगळ्या मुली गेम उतरवून लगेच 'मान्य आहे' दाबायच्या आणि खेळायला लागायच्या. तू शब्दकोश घेऊन त्या अटी शेवटपर्यंत वाचत बसायचीस. मुली हसायच्या, आचल खेळ सोडून नियम खेळते म्हणून. पुण्यात पाच ठिकाणी तुला मुलाखतीतून परत पाठवलं, एका ठिकाणी 'मले' म्हटलं म्हणून दोघं एकमेकांकडे पाहून हसले, तेही इंदुताईंना तू फोनवर सांगितलंस. मला नाही सांगितलंस. मी विचारलं कधी होतं म्हणा.

नोटीस उद्या जाणार. तुझ्याच कंपनीला. गाडी लागली.

रंजीता

कुरखेडा, १७ एप्रिल २०२५

आचल,

पियुष सर काल इथे आले होते. मी आधी त्यांना दारातच उभं केलं. ते म्हणाले, "मॅडम, माफीचा कागद घेऊन आलोय. आवाज काढला गेममधून. दोन्ही कंपन्यांनी लिहून दिलंय की हा आवाज परवानगीशिवाय वापरला होता आणि या बोलण्याशी तुमचा संबंध नाही. गेम उघडला की आता आधी हेच मराठीत दिसतं."

मी त्यांना घरात बसवून वाचायला सांगितलं. माय टोपलं उचलून बाजारात निघाली होती. ती वळली. "इथी वाचून काय फायदा? घरात कोण मले जादूवाली म्हणते? चाल बाजारात."

पुण्याचा तो माणूस, पायात पांढरे बूट, मायच्या टोपल्याजवळ चिखलात उभा राहिला आणि त्यानं अख्खा कागद मोठ्यानं वाचला. झिंगे निवडणाऱ्या बाया थांबल्या. कोणी तरी म्हणालं, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचला. बुधरीमावशी मागे उभी होती. तिचा नातू बरा झालाय, टायफॉइड निघाला होता. ती पुढे आली, खाली बसली, आणि मरळीचे कल्ले उघडून ताजी आहे का पाहू लागली. माय म्हणाली, "ताजीच आहे. तुले शिळी देईन का?" दोघींचे डोळे भरले. मी मात्र दुसरीकडे पाहिलं.

परत येताना पियुष सर तुझ्याबद्दल बोलले. मी विचारलं नव्हतं. (विचारलं होतं.)

त्या कलमाची मीटिंग त्यांनी सांगितली. तुमचे मोठे साहेब म्हणत होते, कलाकाराचा आवाज एकदा विकत घेतला की आपला, वाट्टेल ते करू. तू वाद घातला नाहीस. आधी साहेबांचीच परवानगी घेतलीस, त्यांच्या बोलण्याचा एक तुकडा रेकॉर्ड केलास, आणि पुढच्या मीटिंगला यंत्राकडून त्यांच्या आवाजात बोलवून घेतलंस. पहिलं वाक्य गमतीचं होतं, सगळे हसले, साहेबही. दुसऱ्या वाक्यात ते स्वतःच्या मुलीला ओरडत होते. तिसऱ्यात ते कामगारांना शिवी देत होते. साहेब म्हणाले, बंद कर. तू म्हणालीस, "सर, तुम्ही बंद कर म्हणू शकलात. कलाकार म्हणू शकला पाहिजे, एवढंच लिहायचं आहे." कलम मंजूर झालं.

पियुष सर म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे ती एकटी आहे जी कुठल्याही गेमचा कागद करण्याआधी तो गेम शेवटपर्यंत खेळते. म्हणते, मी ज्याच्यातून गेलेच नाही त्याची राखण कशी करू?" एकदा एका देवळाच्या घंटेचा आवाज कोणाच्या तरी रेकॉर्डिंगमधून परस्पर उचललेला तिला खेळता खेळता सापडला, आणि त्या माणसाला शोधून त्याचा होकार आणेपर्यंत तिनं गेम अडवून धरला. ऑफिसात लोक वैतागतात तिच्यावर, म्हणाले. आणि अडचण आली की तिच्याच टेबलाशी जातात.

मग मी विचारलं, माझं नाव निवडल्यावर काय झालं? त्याच दिवशी तू साहेबांना लेखी कळवलंस, ही माझी बहीण आहे, या फाइलला मी हात लावणार नाही. जानेवारीत माझा आवाज 'काळी बोडी'वाल्या भागीदार कंपनीला द्यायची गोष्ट निघाली तेव्हा फाइल तुझ्याकडे नव्हती, ज्याच्याकडे होती त्यानं नववं पान वाचलं नाही. पुढे तुला ऐकू आलं तेव्हा तू साहेबांना एवढंच लिहिलंस की आपलाच करार पाहा. इंदुताईंची नोटीस आल्यावर साहेबांनी तुला बोलावलं, "बहिणीला फोन कर, मागे घ्यायला सांग, घरातली गोष्ट आहे." तू म्हणालीस, "ती बहीण आहे म्हणूनच मी फोन करणार नाही."

आणि मग तू नोकरी सोडलीस.

पियुष सर हे इतक्या सहज बोलले की मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, काढलं का तिला? ते म्हणाले, नाही, कोणी काढलं नाही. मोठी जागा तिलाच मिळायची होती. म्हणाली, माझ्या मनात आता दोन पक्ष आहेत, अशा माणसानं कंपनीची वकिली करू नये.

आणखी एक सांगितलं त्यांनी. निघताना तुझा खण तू त्यांच्यासमोर रिकामा केलास, तेव्हा त्यात माझी दोन पत्रं होती. मार्चमधली. न फोडलेली. म्हणालीस, प्रकरण चालू आहे तोवर ती मला वाचता येत नाहीत.

म्हणजे हे लिहितानाही तू मागचं वाचलेलं नाहीस. बुधरीमावशीनं पदर ओढला ते तुला ठाऊक नाही. मायचा आवाज मी उचलला ते ठाऊक नाही. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून ती तू तशीच ठेवलीस. मला राग यायला हवा होता. मी मात्र अंगणात जाऊन बराच वेळ उभी राहिले. अशी माणसं मी फक्त नाटकात पाहिली होती, आणि नाटकात ती मला कधी खरी वाटली नव्हती.

तुझी,
रंजीता

कुरखेडा, ४ मे २०२५

आचल,

तुझा निरोप इंदुताईंच्या फोनवर आला. "बाईला विचारा, प्रकरण कागदावर पूर्ण संपलं का? संपलं असेल तर पत्रं फोडते." इंदुताई हसल्या आणि म्हणाल्या, "संपलं म्हणून कळवते मी."

तेव्हा आता तू सगळी एका बैठकीत वाचशील. हे शेवटी वाच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या दिवशी फोनवर मी काय बोलले ते आठवत नाही. ते खोटं होतं. शब्द न् शब्द आठवते. सगळ्या मंडळासमोर मी म्हटलं, "तुले शिकवाले मी तोंडाले रंग फासला, अन् आज तू मले वकील कर म्हणते?" तिकडून तुझा श्वास ऐकू आला, मग फोन ठेवल्याचा आवाज.

ते वाक्य टाळ्यांचं होतं. मंडळातल्या दोघी-तिघींनी डोळे पुसले. मी त्या दिवशी तुझ्याशी बोलतच नव्हते, मी समोरच्यांसाठी बोलत होते.

अन् ते खरंही नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी सोळाची होती, तू दहाची. घर चालवाले नाटकात गेली असं सगळे म्हणतात, मीही म्हणत आली. पण त्याच्या दोन वर्षं आधीपासून मी घरातल्या आरशासमोर पदर डोक्यावरून घेऊन संवाद म्हणत होती. बाबा असते तं त्यायनं जाऊ दिलं नसतं. ते गेले, अन् दार उघडं राह्यलं. मले रडू येत होतं अन् मले जायचंही होतं, दोन्ही एकाच दिवशी. हे मी मायलेही सांगितलं नाई कधी. तुह्यं शिक्षण हे मी मागून लावलेलं कारण आहे. ते कारण लोकाले आवडलं, म्हणून मलेही आवडलं.

तू ते ओझं किती वर्षं घेऊन चालली असशीन, मले माहीत नाई. पुण्यात पाच ठिकाणाहून परत आली तेव्हा घरी फोन न करण्याचं कारण तेच असन. ते खाली ठेव. मी माह्या हौसेनं स्टेजवर गेली. तू तुह्या बुद्धीनं कोर्टात गेली.

शाळेतली भाषा सुटली. राहू दे.

बाई

वडसा, २३ नोव्हेंबर २०२५

आचल,

तू परवा गेलीस, आणि आज लगेच पत्र. फोन आता दोन्हीकडून चालतो, पण काही गोष्टी मला अजूनही कागदावरच नीट बोलता येतात.

दिवाळीनंतर येते म्हणालीस तेव्हा वाटलं, दोन दिवस मायच्या हातचं खाशील, झोपशील. मंडळवाल्यांना सहज सांगितलं, आचल येते आहे, तिनं वकिलीची सनद परत सुरू केली, आता कलाकारांचं आणि लहान-लहान गेम बनवणाऱ्यांचं काम स्वतःच पाहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये साठेक माणसं. चार मंडळांतले नट, पेटीवाले, पडदे रंगवणारा माणूस, गाणी लिहिणारे दोघं. प्रत्येकाच्या हातात कागद, कोणाचा घडी पडलेला, कोणाचा तेलकट.

मला वाटलं होतं तू भाषण करशील. तू सतरंजीवर मांडी घालून बसलीस आणि म्हणालीस, "एकेक जण या. वाचाची घाई नाई."

पोचूभाऊ पहिला. त्याच्या विनोदांचं रेकॉर्डिंग करायला कोणी तरी आलं होतं, कागद देऊन गेलं होतं. त्याला अक्षर येत नाही हे मंडळात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. तू विचारलंसही नाहीस. तू सरळ वाचायला लागलीस, आपल्या बोलीत, वाक्यावाक्याला थांबून, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून. एका ओळीवर तू म्हणालीस, "पोचूभाऊ, इथी लिवलं आहे, तुमचा आवाज सगळ्या ब्रह्मांडात कायमचा वापरता येईन."

तो म्हणाला, "ब्रह्मांडात? मंग चंद्रावर नाटक पाहाले कोण जाते?"

हॉल कोसळला हसून. तूही हसलीस, डोळे पुसलेस, आणि मग त्याच्या हातात पेन दिलंस. "ही ओळ तुम्ही खोडा. तुमचा आवाज आहे." त्यानं पेन मुठीत धरलं, मुसळ धरावं तसं, आणि ती ओळ अशी खोडली की कागद फाटला. ज्याला सही करता येत नाही त्याला नकार देता येतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. तो बसून राहिला. त्याची पाळी संपली होती तरी उठेना.

दुपारी जेवणाच्या वेळी मायही आली, इंदुताईही आल्या. पियुष सरांनी डोंगेवालीचा दुसरा भाग काढायचा म्हणून विचारलंय. या वेळी इंदुताईंनी करार वाचला, मग मी वाचला, चौदाच्या चौदा पानं, अडत अडत, दीड दिवस लागला. मग मी मायला विचारलं, तुझ्यासारखं बोलू का? तिनं लगेच हो म्हटलं नाही. विचार करून म्हणाली, "बोल. पण म्हातारीनं कोणाले बुडवाचं नाई. अन् माह्यं नाव लिवा." इंदुताईंनी ते दोन्ही घातलं. तुला मी काही विचारलं नाही, आणि तूही त्या कागदाकडे पाहिलं नाहीस. तू मायच्या पायाला तेल लावत बसली होतीस.

बसस्टँडवर मला काही बोलायचं होतं. गाडी निघाली आणि राहिलं. ते असं. तुझं काम काय आहे हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं वकील म्हणजे भांडणारा माणूस. तू साठ जणांशी दिवसभर बोललीस आणि एकदाही तुझा आवाज चढला नाही. मी आवाजावर जगणारी बाई, मला ते जास्त दिसलं.

आज सकाळी तालमीला एक नवी मुलगी आली, पोंभुर्ण्याकडची, उर्वशी नावाची. नायिकेची सखी करणार आहे. इथे नवीन येणारी प्रत्येक पोरगी आधी माझ्या पाया पडते, "रंजीताबाई, तुमची नाटकं पाहून मोठी झाली" म्हणते, ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. ही आली, हातातला कागद छातीशी धरून, माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "तुम्ही आचल वकिलाच्या बहीण ना?"

वीस वर्षांत या हॉलमध्ये मी कोणाची बहीण नव्हते.

मग मी "हो" म्हटलं. मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवतो ना आम्ही, तेवढ्या मोठ्यानं म्हटलं. पलीकडे पडदा रंगवणारा माणूस शिडीवरून वळून पाहू लागला. मी पुन्हा एकदा म्हटलं.

तुझी,
बाई